बाळ, विमान आणि कार सीट: सोबत न्यायची, लगेजात टाकायची की तिकडंच घ्यायची?

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला. तिचं लेकरू दहा महिन्यांचं, डिसेंबरात नवऱ्याकडं न्यू जर्सीला जायचंय, आणि प्रश्न एकच, ताई कार सीट, म्हणजे गाडीत बाळाला पट्ट्यानं बांधून बसवायची ती खुर्ची, इथून नेऊ का तिकडं घेऊ, आणि नेली तर विमानात वर घेऊ का खाली लगेजात टाकू. आम्ही गेल्या वर्षी हाच सगळा गोंधळ घालून आलोय, डॅलसला दिरांकडं, मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची, त्यामुळं तिला फोनवर जे तासभर सांगितलं तेच इथं लिहिते, अजून कुणाला उपयोगी पडेल.

आधी एक सांगते. सगळे विमानाचं टेन्शन घेतात आणि विमानतळापर्यंतच्या रस्त्याचा विचारच करत नाहीत. सोलापुरातून पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास, मुंबई चारशे. फॉरेनची फ्लाइट पहाटेची असते म्हणजे आपण निघणार रात्री, आणि उसाचा सीझन असेल तर मोहोळ टेंभुर्णी पट्ट्यात दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. आणि बाळ कुठं, तर आजीच्या मांडीवर, पुढच्या सीटवर, कारण पुढं एसी चांगला लागतो! आमच्या सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "खुर्चीत कशाला बांधताय लेकराला, मी धरते की घट्ट." ब्रेक लागला की कुणाच्याच हातात ते घट्ट राहत नाही हो. २०१९ च्या कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा सीट नसेल तर हजार रुपये दंड पण आहे, पण दंडाचं सोडा.

हे मी मनाचं सांगत नाहीये. १९८९ साली अमेरिकेत सू सिटीला एक विमान कोसळलं, २९६ जणांतले ११२ गेले, विमानात मांडीवरची चार मुलं होती आणि त्यातलं एक गेलं. आईबापांना मुलांना खाली पायाशी ठेवायला सांगितलं होतं, तेव्हा सूचनाच तशी होती. त्यानंतर बरीच वर्षं मागणी होती की बाळाला वेगळी सीट सक्तीची करा, पण २००५ मध्ये तिथल्या विमान खात्यानं नाही म्हटलं, आणि कारण काय दिलं, तर तिकीट परवडलं नाही की लोक गाडीनं जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील. दोन वर्षांखालच्या बाळाला कार सीटमध्ये बसवा असा सल्ला मात्र ते आजही देतात. म्हणजे बघा, कार सीट विमानात चांगलीच, पण तिचं खरं काम रस्त्यावर.

आता सीट कुठली हे आधी बघा, कारण निम्मा निर्णय तिथंच होतो. आपल्याकडं दुकानात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या चांगल्या सीट बहुतेक युरोपच्या स्टँडर्डच्या असतात, मागं नाहीतर बाजूला नारिंगी स्टिकर, त्यावर गोलात ई आणि एक आकडा. ही सीट अमेरिकेत गाडीत कायद्यानं चालत नाही. तिथं त्यांच्या स्टँडर्डचीच लागते, आणि विमानात पण वापरायची तर तिच्यावर लाल अक्षरात गाडी आणि विमान दोन्हीसाठी सर्टिफाइड असं छापलेलं असतं. उलटं पण तसंच, अमेरिकन सीट युरोपात चालत नाही. शिवाय युरोपच्या बऱ्याच सीटना खांद्यावरून येणारा बेल्ट लागतो आणि विमानात असतो फक्त कमरेचा, त्यामुळं त्या विमानात बसतच नाहीत. म्हणून बहिणीला म्हटलं, तुझी सोलापूरची सीट न्यायचा विषयच कट. ती हैदराबाद एअरपोर्टपर्यंत वापर आणि भाऊ गाडी परत आणेल त्यातच परत पाठव. लंडन, जर्मनीला जाणाऱ्यांचं वेगळं, त्यांनी इथली नेली तर चालतं, फक्त तिथले आताचे नियम आणि आपल्या सीटवरचा नंबर जुळवून बघा.

आमच्याकडं नेमकी अमेरिकन सीट होती. जाऊबाईंच्या मुलाची, चॉकलेटं परफ्यूम येतात तशी तीही कुणाबरोबर तरी आलेली. तिच्या बुडाशी एक्सपायरी डेट छापलेली असते, ती बघितली, अजून चार वर्षं होती. पण आपल्या गाडीत ती नीट बसेना. तिकडच्या गाड्यांत बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की लॉक होतो, आपल्या बहुतेक गाड्यांत तसं होत नाही, म्हणून सीट हलत राहायची. शेवटी लोखंडी क्लिप मागवली, बेल्टचे दोन्ही पदर एकत्र पकडणारी, तेव्हा कुठं घट्ट झाली. कुणी तिकडून सीट आणून देणार असेल तर हे आधी तपासा.

तर पहिला पर्याय, बाळ मांडीवर आणि सीट चेक-इन लगेजात. सगळ्यात स्वस्त. इंटरनॅशनलला बाळाचं तिकीट मोठ्याच्या साधारण दहा टक्के, आणि बऱ्याच एअरलाइन कार सीट फुकट नेतात, पण फोन करून नाही, ईमेलवर लिहून घ्या. आम्ही जाताना हेच केलं. नवी पेठेतल्या एका टेलरकडून रेक्झीनची मोठी पिशवी शिवून घेतली, त्यानं टेप लावून माप घेतलं आणि विचारलं, "ही खुर्ची आहे का पाळणा?" आत दोन सोलापुरी चादरी कोंबल्या. इतकं करून डॅलसला पिशवी आली धड, आणि सीट काढून बघते तर बेल्ट जिथनं ओवतात तिथल्या प्लास्टिकवर पांढरी रेघ, नखाएवढी, बोटानं चाचपली तर कडा लागतेय. नवरा म्हणाला चालतंय की. मला पटेना. त्या रेघेचं आत काय झालंय हे कुणाला दिसणार? काउंटरवर फॉर्म भरला, त्याचं पुढं काही झालं नाही. मग दीर रात्री दुकानात जाऊन नवी सीट घेऊन आले आणि मी दीड तास रडणारं बाळ घेऊन एअरपोर्टच्या बाकावर. तिथं सीटशिवाय बाळाला गाडीत घालताच येत नाही. म्हणून न्यायचीच असेल तर मूळ खोक्यात, थर्माकोलसकट न्या, नाहीतर नेऊ नका.

दुसरं म्हणजे विमानाच्या दारापर्यंत न्यायची आणि तिथं द्यायची. हाताळणी कमी होते हे खरं, पण परत दारातच मिळेल याची खात्री नाही, येताना आमची हैदराबादला थेट बेल्टवर आली, आणि स्टॉपच्या ठिकाणी बाळ एका हातात, सीट दुसऱ्या हातात. याचा खरा फायदा हा, विमानात शेजारची जागा रिकामी असेल तर कार सीट आत नेता येते.

आणि तसंच झालं येताना! चेक-इनला विचारलं, पहिल्या लांबच्या फ्लाइटला जागा रिकामी होती, त्यांनी शेजारची ब्लॉक करून दिली. म्हणजे तिसरा पर्याय आम्हाला नशिबानं बघायला मिळाला, बाळाला स्वतःची सीट आणि त्यावर कार सीट. खरं सांगते, जाताना बॅसिनेटमध्ये, म्हणजे विमानात समोरच्या भिंतीला लावतात त्या पाळण्यात, मुलगी चाळीस चाळीस मिनिटं झोपली, कारण जरा हादरे बसले आणि बेल्टचा दिवा लागला की बाळ उचलून मांडीवर घ्यावं लागतं, दरवेळी जागी. कार सीटमध्ये सलग पाच तास झोपली, ओळखीची जागा ना. आम्ही दोघं गरम जेवलो. बॅसिनेटला वजनाची मर्यादा पण असते, साधारण दहा अकरा किलो, आणि गुटगुटीत लेकरू वर्षाच्या आतच तिथं पोचतं.

त्रास आहेतच. कार सीटची रुंदी सोळा इंचाच्या आत पाहिजे, नाहीतर विमानाच्या खुर्चीच्या दोन हातांच्या मध्ये अडकते. सहसा खिडकीलाच बसवावी लागते, इमर्जन्सी दाराच्या ओळीत चालत नाही. उलट्या तोंडाची, म्हणजे बाळाचं तोंड मागं येणारी सीट असेल तर पुढच्याला मागं रेलता येत नाही आणि तो वळून वळून बघत बसतो, त्याला आधीच गोड बोलून घ्या. विमानाचं बक्कल बाळाच्या पाठीत येतंय का तेही बघा. आणि पैसे. लांबच्या प्रवासाला बाळाची वेगळी सीट म्हणजे मोठ्याच्या तिकिटाच्या पाऊणपट किंवा जास्तच. बाळ एकटीनं घेऊन सोळा सतरा तास जाणारी आई असेल तर मी म्हणेन दागिना मोडू नका पण बाकी कुठं काटकसर करून हे घ्या, नवरा-बायको दोघं असाल तर मांडीवर निभतं.

राहिला चौथा, तिकडंच घ्यायची. भाड्यानं गाडी घेणारे सीटही भाड्यानं देतात, रोजच्या हिशोबानं, आठवडाभरात साध्या नव्या सीटचे पैसे होतात आणि ती आधी कुठल्या अपघातात होती का हे विचारायची सोय नाही. ओळखीच्यांची मिळाली तर उत्तम, फक्त एक्सपायरी आणि अपघात हे दोन प्रश्न तोंडावर विचारा, भीड नको. मोठ्या दुकानांत साधी हलकी नवी सीट शंभर डॉलरच्या आत मिळते, चार-पाच किलोची, आणि मजबुतीची टेस्ट महागडीला असते तीच हिलाही पास व्हावी लागते.

बहिणीसाठी मी हेच ठरवलं. नवऱ्यानं नवी घ्यायची, ती यायच्या आधी गाडीत बसवून, जमलं तर तिथल्या सीट तपासणाऱ्या टेक्निशियनला दाखवून ठेवायची, उलट्या तोंडाची, आणि एअरपोर्टला त्याच गाडीत यायचं. ती एकटी चाललीय म्हणून पैशाचं जुळलं तर बाळाला वेगळी सीट, पण त्यासाठी त्यानं ती अमेरिकन सीट कुणाबरोबर तरी आधी इकडं पाठवायला पाहिजे, ते होईल असं वाटत नाही, मग बॅसिनेटची जागा आजच बुक कर म्हटलं. डिसेंबरची थंडी आहे तर जाड जॅकेट घालून बेल्ट लावायचा नाही, बेल्ट आतल्या कपड्यांवर घट्ट आणि वरून पांघरूण. परत येईपर्यंत लेकरू दोन वर्षांचं झालं तर येतानाचं पूर्ण सीटचं तिकीट लागतं हेही लक्षात ठेव.

जरा मोठ्या मुलांसाठी, वर्षाच्या वर आणि दहा ते वीस किलो, विमानात वापरायचा केअर्स नावाचा पट्टा मिळतो, अर्ध्या किलोचाही नाही, पण तो गाडीत चालत नाही. आणि सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ पासून गोव्याचं छोटं विमान सुरू झालंय, त्याला तासाभराच्या प्रवासात मांडीवरच न्या, सीटचं डोकं लावा ते उतरल्यावरच्या टॅक्सीसाठी.

एवढं सगळं ऐकून बहीण म्हणाली, ताई तरी ती रेक्झीनची पिशवी देऊन ठेव. म्हटलं अगं सीट नेत नाहीयेस तर कशाला. तर म्हणे, कडक भाकरी मोडत नाहीत त्यात, चादरी पण दे.