पीएचबी की अल्जिनेट? केमोस्टॅटमध्ये ऑक्सिजन किती सोडायचा

अ‍ॅझोटोबॅक्टर व्हिनेलँडी हा जिवाणू एकाच साखरेतून दोन बायोपॉलिमर (जैविक लांब साखळ्यांचे पदार्थ) बनवतो: पेशीच्या आत पीएचबी हे जैवप्लास्टिक आणि पेशीबाहेर चिकट अल्जिनेट. कार्बन कुणाच्या वाट्याला जाणार, हे बऱ्याच अंशी ऑक्सिजनवर ठरतं. तेव्हा आधी माल ठरवा, मग हवा.

पीएचबी हवं असेल, तर टंचाई पथ्यावर पडते. श्वसन अडलं की पेशीत एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) साचतं, सिट्रेट सिंथेज हे विकर मंदावतं आणि क्रेब्स चक्राबाहेर (साखरेतून ऊर्जा काढणाऱ्या चक्राबाहेर) अडकलेलं अ‍ॅसिटिल-कोए, म्हणजे साखर मोडून झालेला कार्बनचा तुकडा, पीएचबीकडे वळतं. मात्र त्याच टंचाईत पेशींचं पीक घटतं. म्हणून शक्य असेल तर दोन टाक्या जोडा: पहिलीत भरपूर हवा देऊन पेशी वाढवा, दुसरीत हवा आवळून पीएचबी साठवू द्या. एकाच टाकीत दोन्ही साधणं म्हणजे तडजोडच.

अल्जिनेटचं गणित जास्त नाजूक आहे. हवा फार आवळली तर कार्बन पीएचबी पळवतं. फार सोडली, तर हवेतल्या नायट्रोजनवर जगणाऱ्या पेशी नायट्रोजिनेज हे नायट्रोजन पकडणारं विकर ऑक्सिजनपासून वाचवण्यासाठी साखर नुसती जाळत सुटतात. मधला अरुंद पट्टा शोधावा लागतो. शिवाय ऑक्सिजनबरोबर अल्जिनेटच्या साखळीची लांबीही बदलते. घट्टपणा विकायचा असेल, तर नुसते ग्रॅम मोजून भागणार नाही.

बॅच (टाकी एकदा भरून शेवटपर्यंत तशीच चालवणं) की केमोस्टॅट (ताजं माध्यम सतत आत आणि तितकंच द्रव बाहेर जाणारी टाकी)? ऑक्सिजनचा परिणाम समजून घ्यायचा असेल, तर माझं मत केमोस्टॅटला. बॅचमध्ये वाढीचा वेगही सतत बदलतो, त्यामुळे दोष नेमका कुणाचा ते कळत नाही. केमोस्टॅटमध्ये तो वेग डायल्युशन रेटने, म्हणजे तासाला टाकीचा किती भाग नव्या माध्यमाने बदलतो त्याने, बांधलेला असतो. किंमत वेळेची: ताशी 0.1 दराने पाच टाक्यांइतकं माध्यम बदलायला 50 तास लागतात. आणि फार लांबवलं, तर पॉलिमर न बनवणारे उत्परिवर्ती (जनुक बदललेले) जिवाणू माजतात.

डीओ मीटरवर (विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावर) मात्र विसंबू नका. 30 अंशांना हवेने संपृक्त पाण्यात लिटरमागे जेमतेम 7.5 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. दाट कल्चर तो मिनिटाच्या आत संपवतं. टंचाईत काटा शून्याला चिकटतो. मग पुरवठा दुप्पट केला तरी तो शून्यच दाखवेल, आत मात्र पॉलिमरचं प्रमाण पार बदललेलं असेल. त्यामुळे तुलना करायची ती ऑक्सिजन हस्तांतरणाच्या दराने, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वायूतला फरक मोजून. पुरवठा बदलायला पंख्याचा वेग वाढवू नका, त्याने ढवळण्याचा ताणही बदलतो. वायूत नायट्रोजन मिसळून ऑक्सिजनचा वाटा कमी-जास्त करा.