बुलेटच्या स्पीकरची शिट्टी, खरखर आणि गायब झालेला बेस: मिरकरवाड्याच्या चाचांच्या वर्कशॉपचा रिव्ह्यू

रत्नागिरीत बाईकला म्युझिक सिस्टीम बसवून देणारे भरपूर आहेत, पण बसवलेली सिस्टीम नीट वाजत का नाही ते शोधून देणारा मला तरी एकच सापडला म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय. दुकानाला बोर्ड नाही. मिरकरवाडा बंदराकडे उतरताना पत्र्याची शेड लागते, बाहेर जुन्या बॅटऱ्या मांडलेल्या असतात, आत वायरच्या गुंडाळ्या आणि माशांचा वास. चाचांचा मूळ धंदा बोटींच्या वायरिंगचा, म्हणजे वायरलेस सेट, जीपीएस, फिश फाइंडर, डेकवरचे लाईट वगैरे, आणि मधल्या वेळात बाईकची कामं घेतात.

माझी बुलेट मावसभावाकडून घेतलेली. त्याने मुंबईत असताना हौसेने हँडलला दोन स्पीकर, सीटखाली छोटा ऍम्प (आवाज मोठा करणारा ऍम्प्लिफायर), हँडलवर ब्लूटूथ आणि ऑक्सवाला (फोन वायरने जोडता येणारा) कंट्रोलर, मोबाईल चार्जिंगचं सॉकेट आणि वर दोन फॉग लाईट असं सगळं लटकवलेलं. गाडी बंद असताना गाणं ठीकठाक वाजायचं, चालू केली की मागे एक बारीक शिट्टी सुरू, रेस वाढवली की शिट्टीचा सूर पण चढणार. उजवा स्पीकर खरखरायचा, बेस नावाचा प्रकार नाहीच, आणि आवाज जरा वाढवला की ढोलाच्या ठेक्यावर अख्खी सिस्टीम क्षणभर बंद पडून परत चालू. शहरातल्या एका दुकानात दाखवली तर त्या माणसाने मीटर लावायचं सोडा, सीट पण उघडली नाही, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला स्पीकर गेलेत, ऍम्प पण गेलाय, नवीन किट टाका, नऊ हजार. हे नऊ हजार वाचले हाच खरंतर रिव्ह्यू, पण कसे वाचले ते सांगण्यासारखं आहे कारण अर्ध्या कोकणातल्या बाईकना हेच रोग आहेत.

चाचांनी आधी गाणं लावलंच नाही. इंजिन चालू करून रेस दिली, शिट्टी ऐकली आणि सीट काढून ऍम्पच्या मागची आरसीए केबल (कंट्रोलरकडून गाण्याचा सिग्नल ऍम्पला नेणारी) उपटली. शिट्टी एकदम बंद. म्हणजे काय तर ऍम्पच्या पॉवर लाईनमधून ती येत नाही, सिग्नलच्या वाटेने आत शिरते. (केबल काढून पण शिट्टी राहिली असती तर ऍम्पची पॉवर नाहीतर ऍम्पच बघावा लागला असता.) केबल परत लावली, मोबाईलची चार्जिंगची पिन काढायला सांगितली, आणि नव्वद टक्के शिट्टी गेली! मी गाणी ऑक्स वायरने ऐकायचो आणि त्याच वेळी फोन गाडीवरच चार्ज करायचो, त्यातून निगेटिव्हचा एक फेरा तयार झालेला. चार्जरचा निगेटिव्ह हँडलच्या क्लॅम्पला, ऍम्पचा निगेटिव्ह सीटखालच्या बोल्टला, दोन्ही चेसीवरच पण वेगवेगळ्या ठिकाणी, आणि त्या दोन जागांमध्ये थोडासा जरी व्होल्टेजचा फरक पडला तरी तो ऑक्स आणि आरसीएच्या शिल्डमधून, म्हणजे वायरीवरच्या जाळीतून, धावतो आणि ऍम्प त्याला गाणं समजून मोठं करतो. अल्टरनेटरची लहर रेसबरोबर वाढते म्हणून शिट्टीचा सूर रेसबरोबर चढतो.

तो सीटखालचा बोल्ट त्यांनी खोलून दाखवला. ज्याने बसवलं त्याने रंग न खरवडताच थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) बोल्टखाली दाबलेलं, म्हणजे निगेटिव्ह रंगावर बसलेला, आणि थिंबलच्या मानेतून वायरचं रबर सोललं तर आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. नखाने दाबली तर तार तुटून हातात आली. हे आपल्याकडे होणारच. आरे-वारेच्या रस्त्याने किंवा मिऱ्याच्या बंधाऱ्याकडून रोज जाणारी गाडी म्हणजे खाऱ्या वाऱ्यात उभीच, आणि उघडी तार एकदा खारट झाली की गंज रबराच्या आतून पार वीतभर वर चढत जातो, बाहेरून वायर नवी कोरी.

यावर चाचा जे बोलले ते मला फार आवडलं. "बोटीला अर्थिंगला बॉडीच नाय ना, लाकूड नायतर फायबर. तिथं प्रत्येक निगेटिव्ह बॅटरीपर्यंत न्यावाच लागतो. मंग गाडीलाच कशाला आळस करायचा?" आणि त्यांनी खरंच बुलेट बोटीसारखी वायर केली. ऍम्प, कंट्रोलर, चार्जर, फॉग लाईट, सगळ्यांचे निगेटिव्ह एकाच जागी बॅटरीच्या टर्मिनलवर आणले, पॉझिटिव्ह बॅटरीवरून सरळ, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आणि मग चावीवर चालणारा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच). वायर बोटींवर वापरतात ती कल्हईवाली, आतली प्रत्येक तार पांढरी असते आणि लवकर हिरवी पडत नाही. जोडांना नुसती काळी टेप नाही, आत डिंक असलेली श्रिंक ट्यूब गरम करून बसवतात, कडेने डिंक बाहेर आलेला दिसेपर्यंत. टेपने गुंडाळलेला जोड त्यांना दाखवलात तर शिव्या खायची तयारी ठेवा.

शिट्टी गेल्यावर मागे एक टिक टिक टिक उरली होती, ती ब्लूटूथवर पण येत होती. ती इग्निशनची. आरसीए केबल टाकीखालून नेमकी प्लगच्या जाड वायरला बांधून नेलेली. ती दुसऱ्या बाजूने फिरवली आणि प्लग बदलला, कारण आधी कुणीतरी रेझिस्टर (ठिणगीचा गोंगाट दाबणारा भाग) नसलेला प्लग टाकून ठेवलेला. एनजीकेचा प्लग असेल तर त्याच्या नंबरात आर अक्षर आहे का बघून घ्या, तो रेझिस्टरवाला. बाजारात तीन-चारशेला असला निगेटिव्हचा फेरा तोडणारी ग्राउंड लूपवाली डबी मिळते ती का नाही लावली असं मी विचारलं तर म्हणाले, लावता येते, पण स्वस्तातल्या डबीतला ट्रान्सफॉर्मर बेस खातो आणि आतली सडकी तार सडकीच राहते.

बेस मात्र दुसऱ्याच कारणाने गायब होता. चाचांनी स्पीकरच्या वायरी ऍम्पकडून सोडवल्या आणि साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल दोन टोकांना क्षणभर टेकवला. डाव्या स्पीकरचा पडदा बाहेर आला, उजव्याचा आत गेला. म्हणजे एकाचे प्लस मायनस उलटे. दोन पडदे उलटसुलट हलत असले की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, आवाज पोकळ होतो आणि गाणारा माणूस नक्की कुठून गातोय तेच कळत नाही. दोन वायरींची अदलाबदल, खर्च शून्य. घरी करून बघा हे, फक्त सेल टेकवून लगेच काढायचा, धरून ठेवायचा नाही. ऍम्पच्या टर्मिनलवर वायरींचे रंग बघून खात्री धरू नका, मधे कुठेतरी जोड असतो आणि तिथेच रंग बदलतो.

आता उजव्या स्पीकरची खरखर. हा माझ्या मते सगळ्यात भारी भाग, आणि हे बहुतेक रत्नागिरीतच होऊ शकतं. मीटरवर स्पीकरच्या आतली तारेची कॉईल चांगली दाखवत होती, साडेतीन ओहमच्या आसपास, आणि ४ ओहमच्या स्पीकरला मीटरवर थोडं कमीच दिसतं, ते बरोबर आहे. पण पडदा दोन बोटांनी हलकेच आत दाबला की करकर लागायची. चाचांनी स्पीकर खोलला, मधली टोपी ब्लेडने सोडवली, चिकटपट्टीची घडी घालून कॉईलच्या फटीत सरकवली आणि ओढून काढली तर तिला काळीकुट्ट बारीक वाळू चिकटलेली. मांडवीच्या समुद्राला आपण काळा समुद्र म्हणतो तो त्याच्या वाळूमुळेच, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटसारखी लोखंड असलेली खनिजं वाळूत आहेत हे शाळेत पण शिकवतात. त्यातली चुंबकाला ओढली जाणारी जी काय असेल ती स्पीकरच्या मॅग्नेटने आत खेचली आणि फटीत धरून ठेवली. फुंकर मारून किंवा ब्लोअरने ती निघत नाही, मॅग्नेट सोडतच नाही तिला, चिकटपट्टीनेच एकेक करून ओढावी लागते. निवांत तासभर ते काम चाललं होतं, मधे दोन खलाशी येऊन बॅटरी चार्जिंगला टाकून गेले. टोपी परत चिकटवली, जाळीच्या आतून बारीक कापड लावलं, खरखर संपली. शहरातल्या दुकानाच्या हिशोबाने हाच स्पीकर 'गेलेला' होता. भाट्ये नाहीतर मांडवीच्या वाळूवर गाडी घालायची हौस असलेल्यांनी हे वाचून घ्यावं.

मोठ्या आवाजात बंद पडायचं कारण मीटरने अर्ध्या मिनिटात सांगितलं. गाणं जोरात लावून बॅटरीवर मोजलं तर १३.८ व्होल्ट, तेव्हाच ऍम्पच्या टर्मिनलवर ठेका पडला की ११ च्या खाली. मधले जवळजवळ तीन व्होल्ट बारीक वायरीत आणि गंजलेल्या फ्यूज होल्डरमध्ये जात होते. मोजताना गाणं चालू पाहिजे हा मुद्दा आहे, कारण करंट वाहत नसेल तर सडकी वायर पण पूर्ण व्होल्टेज दाखवते. त्यात चौकातल्या सिग्नलला थांबून इंजिन मंद असताना अल्टरनेटर कमी देतो आणि फॉग लाईट चालू असले तर विचारूच नका.

ऍम्पच्या खोक्यावर ६०० वॅट छापलंय. चाचा हसले आणि त्याच्यातला फ्यूज काढून दाखवला, १० अँपिअरचा. १२ ने गुणा, १२० वॅट, आणि त्यातले पण काही उष्णतेत जाणार. ज्यांना वॅट वाढवून आवाज वाढवायचाय त्यांनी एवढं लक्षात घ्या की वॅट डबल केले तर ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल म्हणजे दहापट पॉवर लागते. बाईकची बॅटरी ते कुठून देणार?

सेटिंगचं काम किरकोळ होतं. कंट्रोलरचा बेस बूस्ट बंद, फोनमधला इक्वलायझर बंद, ऍम्पचा हाय पास फिल्टर (ठरावीक सुराखालचं सगळं गाळणारा) १२० हर्ट्झच्या आसपास. चार इंचाच्या पडद्याने त्याखालचं वाजवायचा हट्ट धरला की तो फक्त फडफडतो आणि वरचे सूर पण खराब करतो. हे केल्यावर उलट बेस जास्त नीट ऐकू यायला लागला. फोनचा आवाज ऐंशी टक्क्यांवर ठेवून मग ऍम्पचा गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारं बटण) वाढवला, फाटायला लागला तिथून थोडा मागे. आणि व्हॉट्सॲपवर दहा जणांकडून फिरून आलेली गाणी वाजवून स्पीकरला नावं ठेवू नका, त्यात मुळातच काही उरलेलं नसतं.

बिल झालं अठराशे, त्यात वायर, रिले, फ्यूज होल्डर, प्लग, मजुरी सगळं आलं. रिझल्ट म्हणाल तर गावातल्या स्पीडला एकदम स्वच्छ, बासरी आणि तबला वेगळा ऐकू येतो. साठच्या पुढे हातखंब्याच्या रस्त्याला हवेचा आवाजच एवढा असतो की कुठलाही स्पीकर हरतो, तिथे अपेक्षा ठेवू नका. मी सबवूफर पण बसवा म्हणालो तर चाचांनी नाही म्हणून सांगितलं, बाईकला बसवतच नाहीत ते. रात्री दहानंतर आणि दवाखाना, शाळा, कोर्टाच्या १०० मीटरच्या आत वाजवलंत तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेतच, आणि शेजारचे लोक त्याच्याही आधी आहेत.

आता तक्रारी. पक्कं बिल मिळत नाही, गुगल पे चालतं पण रेंज असेल तर. फोन उचलत नाहीत. वेळ दिलेली पाळतील असं नाही, एखादी बोट रात्री निघायची असली की तुमची गाडी कोपऱ्यात, आणि त्याबद्दल सॉरी वगैरे काही नाही. शुक्रवारी दुपारी बंद. पाणी जाऊन बिघडलेल्या मालाची गॅरंटी देत नाहीत, आणि त्यात ते बरोबरच आहेत असं मला वाटतं, कारण स्पीकरवर आयपीएक्स सेव्हन (पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी ती टेस्ट १ मीटर साध्या पाण्यात ३० मिनिटांची असते, आपला पाऊस चार महिन्यांचा आणि वारा खारा. दर पावसाळ्यानंतर थिंबल उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा असं त्यांनी सांगितलंय. उभं राहायला सावली नाही, बसायला एक उलटा क्रेट.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या फोन न उचलण्याचा कापला.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या सुमाराला जा, ज्या फोनवरून गाणी वाजवता तो फोन आणि चार्जर सोबत न्या, टाकी थोडी भरलेली असू दे कारण इंजिन बराच वेळ चालू ठेवतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अजिबात जाऊ नका, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि १ ऑगस्टला बोटी सुटायच्या आधी सगळ्या बंदराची वायरिंग चाचांच्याच गळ्यात असते. गणपतीला गावी येणाऱ्यांनी गाडी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टाकावी, नंतर चाकरमान्यांच्या गाड्यांची लाईन लागते.