लिंकनचं दप्तर, पण आवक बाजूचं: लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ऑनलाइन संग्रहाविषयी

कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू स्मारक भवनात लिंकनवर व्याख्यान ठेवलं, की प्रश्नोत्तरांत एक प्रश्न ठरलेला असतो: "ते मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र मूळ कुठं बघायला मिळतं?" शाळेच्या व्हरांड्यात फ्रेम करून टांगलेलं, निरोप समारंभात वाचलं जाणारं पत्र. लिंकनचं चरित्र मराठीत लिहिणाऱ्याची यातून सुटका नाही. पुस्तक घेऊन गावोगाव बोलायला जाणाऱ्याची तर नाहीच नाही. उत्तर शोधायला वॉशिंग्टन गाठायची मात्र गरज नाही. तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाने 'अब्राहम लिंकन पेपर्स' हा संग्रह नेटवर खुला ठेवलाय. नोंदणी नको, फी नको.

वापरायला बसण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, नाहीतर आठवडे वाया जातात. हा संग्रह मुख्यतः आवक आहे. लिंकनला आलेली पत्रं त्याच्या दप्तरात राहिली आणि त्याने लिहिलेली पत्रं ज्याची त्याच्या घरी गेली. 'लिंकन पेपर्स' म्हणजे लिंकनने लिहिलेलं सगळं, असं धरून शोधलं तर हाती नोकऱ्या मागणारे अर्ज, सेनापतींचे अहवाल आणि अनोळखी लोकांचे सल्लेच जास्त लागतात. जावक बाजूसाठी रॉय बास्लर यांनी संपादित केलेले १९५३ चे आठ खंड लागतात. मिशिगन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यांत शब्द टाकून शोधता येतं. एका खिडकीत हे, दुसऱ्यात ते, अशीच जोडी लावून बसावं.

या आवक संग्रहातही लिंकनचे स्वतःचे काही मोलाचे खर्डे आहेत. २२ जुलै १८६२ रोजी मंत्रिमंडळाला वाचून दाखवलेला गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा इथे आहे. अंतिम जाहीरनाम्याची लिंकनच्या हातची प्रत १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळाली, म्हणून या मसुद्याची किंमत आणखी वाढते. पहिल्या शपथविधीच्या भाषणाचे मसुदे आणि त्यावर होऊ घातलेला परराष्ट्रमंत्री सेवर्ड याने सुचवलेल्या दुरुस्त्याही आहेत. भाषणाचा गाजलेला शेवट मुळात कुणाला सुचला आणि लिंकनने त्याला कसं घासून लखलखीत केलं, हे दोन्ही कागद शेजारी ठेवले की कळतं. चरित्रातलं एक अख्खं प्रकरण एवढ्यावर उभं राहील.

आता त्या पत्राचा निकाल. बास्लरच्या खंडांत ते नाही. तारखाही जुळत नाहीत. लिंकनचा थोरला मुलगा रॉबर्ट १८४३ चा. हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत नापास झाल्यावर १८५९ मध्ये तो एक्झेटरच्या शाळेत गेला, म्हणजे तेव्हा सोळा वर्षांचा. एडी १८५० मध्येच वारला. विली आणि टॅड राष्ट्राध्यक्षांच्या निवासात घरीच शिकत होते. मग शाळेत नव्याने निघालेला छोटा मुलगा कोणता? शिवाय खासगी पत्राखाली लिंकन 'ए. लिंकन' अशी सही करत असे, पूर्ण नाव सरकारी कागदावर. फिरणाऱ्या पत्राखालचं पूर्ण नाव पाहूनच शंका यायला हवी. सभेत मात्र "ते पत्र खोटं आहे" असं म्हणून थांबू नये, श्रोते नाराज होतात. त्याऐवजी खरं पत्र वाचून दाखवावं. २२ जुलै १८६० रोजी लिंकनने रॉबर्टचा मित्र जॉर्ज लॅथम याला लिहिलं. हा लॅथमही हार्वर्डच्या प्रवेशात नापास झाला होता, आणि निवडणुकीला उभा असलेला हा माणूस त्याला धीर देतोय. हे जावक पत्र, त्यामुळे बास्लरच्या चौथ्या खंडात मिळतं.

शोधायची रीत: संग्रहाचे भाग, म्हणजे सिरीज, पाडलेले आहेत. बहुतेक पत्रव्यवहार पहिल्या सिरीजमध्ये सापडतो. आधी वर्षाची चाळणी लावा, मग पत्र लिहिणाऱ्याचं आडनाव टाका. विषयाचा शब्द शेवटी. कारण शोध चालतो तो नोंदीच्या शीर्षकावर आणि हस्ताक्षरातला मजकूर टंकून उतरवलेला असेल तर त्यावर. न उतरवलेल्या हस्ताक्षरातला शब्द यंत्राला दिसतच नाही. काही सापडलं नाही म्हणजे कागद नाही, असं समजू नये. बऱ्याच पत्रांचा उतारा नॉक्स कॉलेजच्या लिंकन अभ्यास केंद्राने केलाय, २०१८ पासून स्वयंसेवकांनीही हातभार लावलाय. उतारा वाट दाखवायला वापरावा. अवतरण घेताना मात्र चित्रातलं मूळ अक्षर डोळ्यांनी ताडून घ्यावं. मोडीचे रुमाल चाळलेल्यांना हे सांगायची गरज नाही. नोंदीत तारखेसोबत वारही दिलेला असतो. टिपणात वारासकट उतरवला, तर तारीख चुकली की लगेच पकडता येते.

जुनी चरित्रं वापरताना एक वर्ष लक्षात ठेवा: १९४७. रॉबर्टने हे कागद ग्रंथालयाला देताना आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षं ते बंद ठेवायची अट घातली. तो २६ जुलै १९२६ रोजी गेला, त्यामुळे संग्रह २६ जुलै १९४७ ला उघडला. जॉन निकोले आणि जॉन हे, या लिंकनच्या दोन चिटणिसांना मात्र कुटुंबाने कागद आधीच वापरू दिले होते. त्यांनी लिहिलेल्या लिंकन-चरित्राचे दहा खंड सोडले, तर १९४७ पूर्वीच्या चरित्रकारांच्या हाती हे दप्तर नव्हतं. करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जुनं चरित्र हाती आलं, तर आधी प्रकाशनवर्ष बघा.

छपाईसाठी चित्र उतरवताना, म्हणजे डाउनलोड करताना, पडद्यावरची लहान जेपेग घेऊ नका, पानावर अक्षरं फुटतात. डेमी आकाराचं पान म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. पानभर चित्राला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, किमान १६५० बाय २५५० पिक्सेल हवेत. उतरवायच्या यादीत टिफ, म्हणजे मोठ्या दर्जाची चित्रफाइल, असेल तर तीच घ्या. फाइल जड असते, म्हणून एकेक पान उतरवा आणि फाइलच्या नावात सिरीज, तारीख, पत्रलेखक लगेच घाला. नंतर शंभर फाइलींत ओळख पटत नाही. चित्राखाली हस्तलिखित विभाग, लायब्ररी ऑफ काँग्रेस असा ऋणनिर्देश द्या, आणि नोंदीचा कायमचा दुवा टिपणात जपून ठेवा. शोधाच्या पानाचा पत्ता चिकटवून ठेवला, तर पुढच्या वेळी भलतीच यादी उघडते.