छोटा ॲम्प्लिफायर, वेगळा सबवूफर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टेबलावरच्या दोन जुन्या स्पीकरांसाठी मी स्वस्त वर्गातला एक छोटा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घेतला, त्याला आता आठ महिने होत आले. जाडजूड कादंबरीएवढा हा धातूचा डबा आहे. पुढे आवाजाचे एक मोठे बटण, ट्रेबल आणि बासची दोन लहान बटणे. मागे स्पीकरच्या चार खुंट्या, आरसीए (साध्या ऑडिओ केबलचे), ऑप्टिकल व यूएसबी इनपुट, ब्लूटूथची अँटेना आणि अगदी कोपऱ्यात ‘सब आउट’ असे लिहिलेले, सबवूफर म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर जोडण्याचे एक सॉकेट. घेताना माझे सगळे लक्ष त्या कोपऱ्यातल्या सॉकेटकडेच होते, कारण पाच इंची वूफर (खालचे स्वर काढणारा भाग) असलेल्या स्पीकरांतून गाणाऱ्याचा गळा कितीही स्वच्छ ऐकू आला, तरी डग्ग्याची घुमक आणि बास गिटारचा खर्ज अर्धामुर्धाच पोहोचतो. बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ती सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, आणि एवढ्या लहान पेटीला तितके खाली उतरणे झेपत नाही.

आधी शक्तीविषयी, कारण खोक्यावर ‘१०० वॅट × २’ असे ठळक छापलेले आहे आणि आत निघालेला अडॅप्टर मात्र २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा, म्हणजे एकूण १२० वॅटचाच आहे. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ डी २ ही क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारी, कमी तापणारी) चिप बसवलेली आहे, जिचा खुद्द उत्पादकाने सांगितलेला आकडा २१ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरसाठी प्रत्येकी ५० वॅट असा आहे. माझे स्पीकर ८ ओहमचे आहेत. त्यांच्यासाठी २४ व्होल्टमधून ध्वनी न फाटता मिळू शकणारी शक्ती गणिताने जास्तीत जास्त ३६ वॅट येते आणि प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच मिळणार. छापील आकडा ग्राहकाची दिशाभूल करणारा आहे, हे स्पष्ट म्हटलेच पाहिजे. तरीही ऐकताना शक्ती कमी पडली असे एकदाही झाले नाही, कारण ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज देतो आणि टेबलाशी बसून ऐकणाऱ्याला तेवढाही बहुतेक वेळा नकोसा होतो. तीन तास सलग वाजवल्यावर डब्याचे झाकण हाताला जेमतेम कोमट लागते.

आता सबवूफरचे आउटपुट. त्याचा सर्वांत मोठा फायदा असा की ॲम्प्लिफायरचे बटण फिरवले की सबवूफरचा आवाजही त्याच प्रमाणात कमी-जास्त होतो, त्यामुळे एकदा साधलेला तोल पुन्हा पुन्हा जुळवावा लागत नाही. दुसरा फायदा सुरक्षिततेचा आहे. या चिपमध्ये स्पीकरची काळी खुंटी म्हणजे ‘ग्राउंड’ (सिग्नल नसलेली, शून्य व्होल्टची बाजू) नसते, लाल आणि काळी अशा दोन्ही खुंट्यांवर सिग्नल असतो. म्हणून स्पीकरच्या खुंट्यांवरून वायर काढून ती सबवूफरला जोडायची जुनी युक्ती येथे न तपासता केली, तर ॲम्प्लिफायर जळू शकतो. वेगळे सॉकेट असल्यामुळे एक साधी आरसीए केबल पुरते.

उणीव मात्र याच सॉकेटच्या आसपास आहे. त्यातून डाव्या-उजव्या बाजूंचा एकत्र केलेला संपूर्ण सिग्नल बाहेर येतो; कोणत्या स्वरापर्यंत सबवूफरने वाजवायचे, हे सबवूफरवरच्या क्रॉसओव्हरनेच, म्हणजे ठरावीक स्वराच्या वरचा भाग गाळणाऱ्या बटणानेच, ठरवावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुख्य स्पीकरांकडे जाणारा खर्ज हा ॲम्प्लिफायर मुळीच अडवत नाही. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर वूफरच्या पडद्याला चौपट पुढे-मागे व्हावे लागते. सबवूफर जोडल्यानंतरही माझ्या लहान वूफरची ही ओढाताण चालूच राहते आणि मोठ्या आवाजात पडदा थरथरताना डोळ्यांना दिसतो. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा भाग गाळणारी सोय दिली असती, तर हे यंत्र कितीतरी सरस ठरले असते.

जुळवणीला मला दोन रविवार लागले, पण ते सार्थकी लागले. प्रथम सबवूफर माझ्या बसण्याच्या जागी ठेवून मी खोलीभर गुडघ्यांवर रांगत फिरले आणि जिथे खर्ज सर्वांत एकसारखा ऐकू आला, त्या जागी, म्हणजे टेबलाच्या डाव्या पायाजवळ, तो कायमचा ठेवला. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर लावून त्याच स्वराचा चाचणी-सूर वाजवला आणि भावाला सबवूफरचा फेजचा स्विच (त्याचा पडदा मुख्य स्पीकरांसोबत हलावा की उलट, हे ठरवणारा) ० आणि १८० असा बदलायला सांगितले. १८० वर सूर ठळक भरला, ० वर तो पोकळ झाला. मग सबवूफरचे बटण शून्यावरून हळूहळू वाढवत नेले आणि खर्ज वेगळा जाणवू लागताच किंचित मागे घेतले. तिथे पेन्सिलने केलेली खूण अजून तशीच आहे. बास गिटारचा उतरता फेरा आता पायाजवळून येत नाही, तो दोन स्पीकरांच्या मधोमध, वादकाच्या जागीच उभा राहतो. ॲम्प्लिफायरवरचे बासचे बटण फिरवल्यास सबवूफरचाही तोल ढळतो, म्हणून ते मी मध्यावरून हलवत नाही.

पहिल्या आठवड्यात एक बारीक, अखंड घुंघुं त्रास देत होती. लॅपटॉपचा चार्जर काढला की ती थांबे, चार्जर लावला की परत येई. लॅपटॉप आणि सबवूफर दोघांनाही अर्थिंग होते आणि यूएसबी व आरसीए केबलींमधून त्यांचे ग्राउंड एकमेकांना जोडले जाऊन वेढा तयार झाला होता. ऑप्टिकल केबलमधून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही. ती लावल्याबरोबर घुंघुं नाहीशी झाली.

रात्री अगदी हळू ऐकणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. बटणाच्या पहिल्या काही अंशांत डावी बाजू उजवीपेक्षा मोठी वाजते. स्वस्त व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये हा दोष नेहमी आढळतो. मी बटण थोडे पुढे ठेवून लॅपटॉपवरूनच आवाज उतरवते. दुसरे म्हणजे इतक्या कमी पातळीवर सबवूफरला सिग्नल पुरेसा मिळत नाही, त्यामुळे ‘ऑटो’वर ठेवलेला माझा सबवूफर संथ गाण्यात मध्येच झोपी जात असे आणि पुढच्या ठोक्याला धप्पकन जागा होई. आता तो ‘ऑन’वर ठेवते आणि उठताना हाताने बंद करते.