‘रेबेका’ : मेलेल्या बाईचा दरारा

पहिल्या पानावर प्रेत सापडलंच पाहिजे, अशी ज्यांची अट असते त्यांनी डॅफ्ने द्यु मोरिएची ‘रेबेका’ (१९३८) ही कादंबरी हाती घेताना जरा दम धरावा. प्रकरणं २७. पहिली दोन सगळं घडून गेल्यानंतरची आहेत, आणि बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. कथा खरी सुरू होते ती मोंटे कार्लोला पोचल्यावर.

निवेदिका २१ वर्षांची, तिचा नवरा मॅक्सिम ४२ चा. तिचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. शीर्षकात नाव आहे ते त्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोचं. ही मुलगी खोटं बोलत नाही, पण अंदाज फार बांधते. समोरचा गप्प बसला की त्याच्या मनातलं अख्खं संभाषण हीच रचते, आणि आपण ते खरं धरून चालतो. कादंबरीतली भीती सगळी इथून येते.

रेबेकाने सही केलेलं कवितांच्या पुस्तकातलं पान ही मुलगी कापते, फाडते, जाळते. आणि सगळ्यात शेवटी जळतं ते ‘आर’ हे अक्षर. पुढे मँडर्लीत, म्हणजे मॅक्सिमच्या वाड्यात, तिच्या हातून चिनी मातीची एक लहानशी मूर्ती फुटते, तर तुकडे पाकिटात भरून ती टेबलाच्या खणात मागे दडवते. मालकीण असून! आळ नोकरावर येतो. रक्ताचा थेंब नाही, तरी या प्रसंगात पोटात गोळा येतो. वाड्याची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स आवाज चढवत नाही, नुसती उभी राहते, तेवढं पुरतं.

दोष आहेत. फॅन्सी ड्रेस नृत्याच्या रात्री काय होणार हे सराईत वाचक आधीच ओळखतो (ओळखूनही ताण कमी होत नाही, ही गोष्ट वेगळी). रेबेकाचा नातलग फॅवेल आला की संवाद ताणले जातात. शेवटचा तिसरा हिस्सा चौकशी आणि साक्षींचा आहे. धुकं विरतं, वेग वाढतो, पण आधीची घुसमट ज्यांना आवडली त्यांना तो कोरडा वाटेल.

रोज चार-पाच पानं असं वाचू नका, शंका साचतच नाही. मँडर्लीत पाऊल पडल्यापासून नृत्याच्या रात्रीपर्यंतचा भाग दोन-तीन बैठकांत संपवावा. प्रस्तावना असलेली आवृत्ती असेल तर ती शेवटी वाचा. रहस्य बहुधा तिथेच फुटतं. हिचकॉकचा १९४० चा चित्रपट पाहिलाय म्हणून पुस्तक टाळू नका: हॉलिवूडच्या तेव्हाच्या सेन्सॉर नियमांमुळे कळीची गोष्टच त्यात बदलली आहे.

शेवट एकदम तुटतो. पान फाटलंय की काय असं वाटेल, तसं नाही. लगेच मागे फिरून पहिली दोन प्रकरणं पुन्हा वाचा. कंटाळवाणी वाटली होती ना? उरलेली गोष्ट तिथेच आहे.