रोपवाटिकेत वीड मॅट: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

डिचोली तालुक्यात आमची छोटी रोपवाटिका आहे. एक पॉलिहाऊस, दोन शेडनेट, आणि काजू-कोकमाची कलमे, सुपारीची रोपे, मोगरा, अबोली असा माल. गेल्या ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर जमिनीवर काळी विणलेली वीड मॅट, म्हणजे तण रोखणारे प्लास्टिकचे कापड, अंथरली. आता जुलै संपत आला. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे पावसाळा अंगावर घेतल्याशिवाय मॅटबद्दल काही लिहायचे नाही, असे ठरवले होते.

मॅट 100 जीएसएमची (चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाची), उन्हातल्या अतिनील किरणांपुढे टिकावी म्हणून यूव्ही प्रक्रिया केलेली. 2 मीटर रुंद, 100 मीटर लांब रोल. चौरस मीटरमागे 22 रुपये पडले. त्याच्या आदल्या वर्षी एका विक्रेत्याने स्वस्तातली पातळ मॅट 'यूव्हीवालीच आहे' म्हणून गळ्यात मारली होती. उघड्यावरच्या पट्ट्यात ती एका उन्हाळ्यात इतकी कुजली की बोट घातले तरी फाटायची. म्हणून सांगते, जीएसएम आणि यूव्हीचा उल्लेख बिलावर लिहून घ्या.

घालताना दोन गोष्टी महत्त्वाच्या. कात्रीने कापलेली कड धाग्याधाग्याने उसवते, म्हणून सुरी तापवून कापायची, कड वितळून बंद होते. आणि दोन पट्ट्या किमान 15 सेंटीमीटर एकमेकींवर यायला हव्यात. आम्ही एका ठिकाणी कंजुषी केली, चारच बोटे ठेवली. नेमक्या त्याच सांध्यातून हरळी बाहेर आली.

जमिनीवरच्या तणाचे काम मॅटने चोख केले. पूर्वी पॉलिहाऊसच्या वाटांवर दर पंधरवड्याला दोन बायका दिवसभर तण काढत बसायच्या. ते बंद झाले. नागरमोथा मात्र हटत नाही. विणीतून तो सहसा वर येत नाही, पण खांबाभोवती कापलेल्या गोल भोकातून बरोबर वाट काढतो. त्याच्या जमिनीतल्या गाठी राहिल्या की वरून उपटून काही होत नाही. मॅट घालण्याआधी महिनाभर खणून गाठी वेचायला हव्या होत्या. आम्ही घाई केली.

पण खरा धडा रोपांच्या पिशव्यांनी दिला. डिसेंबरात खाली स्वच्छ काळी मॅट आणि वर प्रत्येक पिशवीत तण, असे चित्र होते. आंबुशी, भुईआवळा, दुधी (भोपळा नव्हे, त्या नावाचे तण). मी पुन्हा पुन्हा मॅटच्या कडा तपासत होते. आमच्याकडे वीसेक वर्षे काम करणाऱ्या मावशी मोगऱ्याची एक पिशवी उचलून म्हणाल्या, "बाय, हें तण सकयल्यान येना, पिशवेंतल्यान येता." म्हणजे तण खालून नव्हे, पिशवीतूनच येते. त्यांनी भुईआवळ्याची फांदी उलटी करून दाखवली, पानांखाली मण्यांसारखी फळे ओळीने लागलेली. मग आंबुशीची पिकलेली शेंग चिमटीत धरायला गेले तर ती फुटली आणि बारीक बिया तळहातावर, शेजारच्या तीन पिशव्यांवर उडाल्या. शेंगा धरेपर्यंत थांबलात तर एक रोप अख्खे बाक भरते. फुलावर येण्याआधीच ते काढायचे.

बी कुठून येत होते? अर्धवट कुजलेल्या शेणखतातून आणि माळरानावरून आणलेल्या मातीतून. गुरांच्या पोटातून बरेच बी जिवंत बाहेर पडते, खत नीट तापले तरच ते मरते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पिशव्या भरायची माती वीतभर थरात पसरली, भिजवली आणि पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून पाच आठवडे झाकली. काळे प्लास्टिक नको, पारदर्शकातून ऊन आत जाऊन माती जास्त तापते. त्या मातीच्या पिशव्यांत तण अगदी तुरळक आले आहे.

दुसरा उपाय भाताच्या तुसाचा. पिशवीतल्या मातीवर दोन सेंटीमीटरचा थर. तूस वरून लगेच सुकते, त्यामुळे उडून पडलेल्या बीला रुजायला ओल मिळत नाही. पहिल्या खेपेला गिरणीतून सुरय, म्हणजे न उकडलेल्या, भाताचे तूस आणले. त्यात राहिलेले दाणे रुजले आणि मोगऱ्यात भाताची रोपे डोलू लागली! नंतर उकड्या भाताचे तूस मागितले. उकडलेला दाणा रुजत नाही. पॉलिहाऊसमध्ये हा थर छान टिकला. शेडनेटखाली मात्र जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाने तो वाहून गेला, तिथे आता नारळाच्या सोडणाचे तुकडे घालते.

पावसात मॅटची एक उणीव कळली. वर सांडलेली बारीक माती विणीत बसते, पाणी झिरपत नाही, शेवाळ धरते. सकाळी वाट इतकी निसरडी होते की मावशी एकदा कुंड्यांसकट पडल्या, सुदैवाने लागले नाही. त्या दिवसापासून दर शनिवारी कडक झाडूने घासून धुतो. धुतले नाही तर त्या मातीवरच नवे तण उगवते आणि त्याची मुळे विणीत अडकून उपटताना मॅट उचलली जाते. आधी जमिनीला थोडा उतार दिला असता तर निम्मा त्रास वाचला असता.

तणनाशकाबद्दल बरेच जण विचारतात. पॉलिहाऊसच्या आत मी ते अजिबात मारत नाही. बंदिस्त जागेत फवाऱ्याचे थेंब कोवळ्या कलमांवर जातात आणि काम करणाऱ्यांच्या श्वासातही. शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी परवानाधारक कीड नियंत्रण चालकांकडूनच करून घ्यावी, असा आदेश केंद्राने 2022 मध्ये काढला होता. कुंपणाबाहेरची रानमोडी आम्ही कोयत्याने, फुले येण्याआधी कापतो. तिचे बी वाऱ्याने थेट शेडनेटमध्ये येते.

पाऊस संपला की दुसरा रोल आणणार आहे, शेडनेटच्या वाटांसाठी. या वेळी आधी उतार काढायचा आणि नागरमोथ्याच्या गाठी वेचायच्या. मावशींनी त्यासाठी आतापासूनच दोन बायका सांगून ठेवल्या आहेत.