गोल सुयांचा संच: आठ महिन्यांनंतर

विणायची गोल सुई म्हणजे लवचिक वायरीच्या दोन बाजूंना दोन सुया; माझ्या संचात त्या वायरीपासून सुट्या होतात. पहिल्याच महिन्यात शालीची ओळ अर्ध्यावर असताना उजवी सुई हातात आली आणि वायर मांडीवर पडली. २४० टाक्यांपैकी तीसेक टाके घरंगळून मोकळे. त्या रात्री संच परत करायचं अगदी ठरवलं होतं. आठ महिने झाले, अजून त्यावरच विणतेय.

संचात ३.५ ते ८ मिमीपर्यंत धातूच्या टोकांच्या (म्हणजे सुट्या सुयांच्या) आठ जोड्या आहेत. सोबत ६०, ८० आणि १०० सेंमीच्या वायरी, वायरीला लावायची बुचं आणि एक बारीकशी किल्ली. ही किल्ली मी आधी फालतू समजून बाजूला टाकली होती, तिथेच घोळ झाला. टोक आणि वायर आट्यांनी जोडतात, आणि मी ते नुसत्या बोटांनी पिळून बसवलं होतं. सांध्याजवळ वायरीच्या बाजूला एक भोक असतं. त्यात किल्ली अडकवून ती घट्ट धरायची आणि टोक फिरवायचं. तरीही विणताना मनगटाच्या हालचालीने आटे हळूहळू सैल होतात. आता चार-पाच ओळी झाल्या की अंगठा सांध्यावरून फिरवते. लोकर तिथे अडायला लागली की समजायचं.

त्याच भोकाने पुढे मला वाचवलंही. जाळीचा नमुना घातला होता, त्यात एक टाका गळला की चार ओळी खाली शोधत बसावं लागतं. म्हणून उजव्या हाताकडच्या भोकात वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवला आणि ओळ नेहमीसारखी विणली. नवे टाके वायरीवर सरकताना त्या दोऱ्यावरूनही सरकतात, म्हणजे आख्खी ओळ दोऱ्यात ओवली जाते. पुढे बिघडलं तर तिथपर्यंत बिनधास्त उसवा. खुणेच्या कड्या तेवढ्या आधी काढा, नाहीतर त्याही दोऱ्यात अडकून बसतात. (क्रोशावाल्यांना ही भानगडच नाही. एकच फास सुईवर असतो, सुई पडली तरी फार तर दोन टाके जातात.)

धातूची टोकं गुळगुळीत असल्यामुळे वेग वाढला, पण माझा हात सैल पडला. नंतर त्याच आट्यांची ४ मिमीची बांबूची जोडी घेतली. तीच लोकर, तेच माप. १० सेंमीत धातूवर २१ टाके बसले, बांबूवर २२. एका टाक्याने काय होतंय, असं वाटलं होतं. २०० टाक्यांच्या स्वेटरच्या घेरात तो फरक चार सेंमीच्या वर जातो. अंग धातूवर आणि बाह्या बांबूवर, असा उद्योग मी केलाय. एक बाही उसवली. बांबूचं टोक घट्ट करताना बुडाच्या धातूला धरा, बांबूला पिळलंत तर ते त्यातून निसटतं.

टोकांवर मिमी कोरलंय, पण बारीक टोकांवरचे आकडे पुसट झालेत. घरातल्या जुन्या सरळ सुयांवर ब्रिटिश नंबर आहेत: ४ मिमी म्हणजे तिथे ८ नंबर, अमेरिकन नमुन्यात ६. ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक, अमेरिकन वाढला की जाड. मी आता भोकांची मापपट्टी जवळ ठेवते आणि मिमी सोडून काही बघत नाही.

वायरी नव्या असताना वेटोळ्याच्या आकारातच आखडून राहायच्या. गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ ताणून धरल्या की ऐकतात. शाल आणि पांघरुणासाठी १०० ची उत्तम; वजन मांडीवर विसावतं, मनगट दुखत नाही. ५० सेंमी घेराच्या टोपीला मात्र ६० चीसुद्धा जास्तच लांब होते. टाके ताणले जातात. ४० ची वायर या संचात बसवूनही उपयोग नाही, कारण टोकंच लांब आहेत, मधे वळायला वायर उरत नाही. तिथे १०० च्या वायरीचा दुमडलेला फासा टाक्यांच्या मधून बाहेर काढून अर्धे-अर्धे टाके विणते. पहिल्या टोपीला दोन्ही बाजूंना सैल टाक्यांची शिडी पडली. दुसऱ्या टोपीत दर फेरीला फासा दोन टाके पुढे सरकवला, तेव्हा शिडी गेली.